गाळलेल्या जागा

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये निकॉनने डी४० हा कॅमेरा आणला, तेव्हा सगळा बाजार एका आकड्याभोवती फिरत होता. त्याच वर्षी सोनीचा अल्फा १०० आणि कॅननचा ४००डी आले होते, दोन्ही दहा मेगापिक्सेलचे. खुद्द निकॉनचा डी८०ही दहाचाच. अशा वेळी नवख्या हौशी छायाचित्रकारासाठी म्हणून जो कॅमेरा आला त्यात सेन्सर होता ६.१ मेगापिक्सेलचा. बॉडीत फोकसची मोटर नाही, माथ्यावरचा छोटा पडदा नाही, फोकसचे बिंदू फक्त तीन. तुलनेच्या तक्त्यात शेजारीशेजारी ठेवला तर जवळजवळ प्रत्येक रकान्यात मागे पडणारा. तरीही पहिला डिजिटल एसएलआर कसा निवडावा असं कोणी विचारलं की मला याच कॅमेऱ्याबद्दल बोलावंसं वाटतं. इतक्या विचाराने गाळलेल्या जागा मी दुसऱ्या कुठल्याही स्वस्त एसएलआरमध्ये पाहिलेल्या नाहीत. त्या एकेक करून वाचत गेलं की आपल्याला नेमकं काय हवं आहे, हे आपसूक कळू लागतं.

आधी किमतीचं. २००३ मध्ये कॅननच्या ३००डीने किट लेन्ससह हजार डॉलरच्या आत येऊन डिजिटल एसएलआर पहिल्यांदा हौशी माणसाच्या आवाक्यात आणला. तीनच वर्षांनी डी४० लेन्ससकट ६०० डॉलरला मिळू लागला. ही घट कुठून आली, हे बघण्यातच या कॅमेऱ्याची खरी गोडी आहे.

सेन्सरपासून सुरुवात करू. त्याचं चित्र ३००८ बाय २००० पिक्सेलचं. आपल्याकडे स्टुडिओत सर्रास काढून मिळणारी आठ बाय बाराची प्रिंट घेतली, तर दर इंचाला २५० पिक्सेल मिळतात. हातात धरून बघायच्या चित्राला एवढे भरपूर झाले. आता कॅननच्या ४००डीचं चित्र ३८८८ पिक्सेल रुंद. सहावरून दहावर जाताना आकडा दीडपटीहून मोठा होतो, पण चित्राची रुंदी वाढते जेमतेम तीस टक्क्यांनी, कारण मेगापिक्सेल क्षेत्रफळ मोजतात आणि आपला डोळा लांबी-रुंदी बघतो. निकॉनच्या माणसांनी हा हिशेब मांडला असावा आणि बाजाराच्या विरुद्ध दिशेला उभं राहायचं ठरवलं असावं. मला या निर्णयात धैर्य दिसतं. चारच महिन्यांत दहा मेगापिक्सेलचा डी४०एक्स आला खरा, पण त्या वाढीव आकड्यासोबत एक मोलाची गोष्ट गेली. ती फ्लॅशची.

डी४० चा फ्लॅश १/५०० सेकंदापर्यंतच्या शटरशी जुळतो. डी४०एक्सचा १/२०० पर्यंतच. याच्या मुळाशी सेन्सरची जात आहे. डी४० मधला सीसीडी सेन्सर स्वतःच विजेच्या वेगाने सुरू आणि बंद होतो. यांत्रिक शटर पूर्ण उघडं राहतं आणि चित्र किती वेळ टिपायचं ते सेन्सर ठरवतो. वाचताना हा बारीकसा तपशील वाटेल, पण वैशाखातल्या दुपारी बारा वाजता फेटा बांधलेल्या माणसाचा फोटो काढून बघा. फेट्याची सावली डोळ्यांवर उतरलेली असते आणि कपाळाखालचं सगळं काळं पडतं. तिथे फ्लॅशने थोडा उजेड भरायचा असतो. आयएसओ २०० ला कडक उन्हात १/२०० ने फोटो काढायचा तर अ‍ॅपर्चर एफ/१६ पर्यंत मिटावं लागतं. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश मग जेमतेम एक मीटरपर्यंत पोचतो, म्हणजे माणसाच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. १/५०० असेल तर एफ/१० चालतं आणि तोच फ्लॅश १.७ मीटरपर्यंत जातो. मधलं हे दोन-सव्वादोन फुटांचं अंतर म्हणजे समोरचा माणूस अवघडणार की मोकळा राहणार, यातला फरक. दुकानातला विक्रेता हा आकडा सहसा सांगत नाही. माणसांचे फोटो काढायची हौस असलेल्याने तो स्वतःहून विचारावा.

आता माथ्यावरचा पडदा. मोठ्या कॅमेऱ्यांवर शटर, अ‍ॅपर्चर, उरलेले फोटो हे सगळं दाखवणारी एक काळी-करडी पट्टी असते. डी४० मध्ये ती नाही, म्हणून सगळी माहिती मागच्या अडीच इंची पडद्यावर आणावी लागली. इथे कोणीतरी फार सुंदर विचार केला आहे. पडद्यावर अ‍ॅपर्चरच्या पात्यांचं चित्र आहे. चकती फिरवली की आकड्याबरोबर ती चित्रातली पाती मिटतात आणि उघडतात. एफचा आकडा लहान म्हणजे भोक मोठं, ही उलटी गोष्ट नवख्या माणसाच्या डोक्यात बसता बसत नाही. पुस्तकात ती वाचून विसरली जाते. इथे ती बोटाखाली घडताना दिसते, एकदा, दहादा, शंभरदा. शेवटी पडद्याकडे न बघता हात चकती फिरवू लागतो. शेजारी प्रश्नचिन्हाचं एक बटण आहे. ते दाबलं की निवडलेली सोय कशासाठी आहे, हे दोन ओळींत समजतं. शिकणाऱ्या माणसाचा असा आदर करणारी यंत्रं थोडी.

व्ह्यूफाइंडरही बघण्यासारखा आहे. काचेच्या भरीव प्रिझमऐवजी आरशांची जुळणी, म्हणजे वजन आणि खर्च दोन्ही कमी. पण प्रतिमेचा आकार मात्र त्याच्या आधीच्या डी५० पेक्षा मोठा ठेवला आहे. बॉडी बॅटरीशिवाय ४७५ ग्रॅमची, निकॉनच्या तोवरच्या डिजिटल एसएलआरमध्ये सर्वांत लहान. पाठीवर पाणी आणि शिधा घेऊन गड चढणाऱ्याला हे वजन किती महत्त्वाचं, ते वेगळं सांगायला नको.

आता सर्वांत वादाची गाळलेली जागा. निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसते. बॉडीतली मोटर एका स्क्रूने लेन्स फिरवते. डी४० मधून ती मोटर काढून टाकली, त्यामुळे आत मोटर असलेल्या, म्हणजे एएफ-एस किंवा एएफ-आय, लेन्सच त्यावर आपोआप फोकस होतात. याचा फटका बसला तो नेमका गरजू माणसाला. ५० मिलिमीटर एफ/१.८डी ही निकॉनची सर्वांत स्वस्त आणि गुणी लेन्स. मंद उजेडात काम करायचं तर पहिली हीच घ्या, असं जाणती माणसं वर्षानुवर्षं सांगत आली होती. डी४० वर तिचा फोकस हाताने करावा लागतो. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका फोकस जुळल्याचं सांगतो, पण घरात धावणाऱ्या मुलामागे त्या ठिपक्याचा फारसा उपयोग होत नाही. ही उणीव खरीच होती आणि ती भरून निघायला २००९ उजाडावं लागलं. त्या वर्षी ३५ मिलिमीटर एफ/१.८जी ही आत मोटर असलेली छोटी लेन्स आली. किट लेन्स ३५ मिलिमीटरला साधारण एफ/४.५ पर्यंतच उघडते. म्हणजे या नव्या लेन्समधून सहापट उजेड आत येतो. देवघरातल्या समईच्या उजेडात फ्लॅशशिवाय फोटो निघू लागतो.

गंमत अशी की हाच साधेपणा दुसरीकडे एक जुनं दार उघडतो. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. पण सुरुवातीच्या काळातल्या लेन्स महागड्या बॉडींवर चढवल्या तर अ‍ॅपर्चर जुळवणारा खटका मोडायची भीती असते. डी४० मध्ये तो खटकाच नाही, म्हणून त्या लेन्स निर्धास्त बसतात. एक्स्पोजर मीटर त्यांच्यासोबत चालत नाही. अंदाजाने फोटो काढायचा, हिस्टोग्राम बघायचा, सुधारायचा. घरात कोणाच्या तरी कपाटात अशी जुनी धातूची लेन्स पडून असेल, तर ती मनगटाने फिरवून फोकस करण्याइतका आनंद क्वचितच मिळतो.

सगळंच गोड मानून घ्यावं असं मात्र नाही. किट लेन्सचं पुढचं भिंग फोकस करताना गोल फिरतं, त्यामुळे पोलरायझर लावला की तो दर वेळी पुन्हा जुळवावा लागतो. एकाच दृश्याचे कमीजास्त उजेडाचे तीन फोटो आपोआप काढायची सोय नाही. तीन फोकस बिंदू आणि सेकंदाला अडीच फोटो घेऊन भिगवणला रोहितांच्या उडणाऱ्या थव्यामागे लागणं अवघड. पक्षी हेच ज्याचं वेड आहे त्याने हा वर्गच सोडून, बॉडीत मोटर आणि जास्त बिंदू असलेला वरचा कॅमेरा जुना का होईना पण तोच बघावा.

आज डी४० शोधून विकत घ्या असं माझं म्हणणं नाही. या घराण्याचा अलीकडचा कॅमेरा म्हणजे २०१८ चा डी३५००. चोवीस मेगापिक्सेल, बॅटरीसह ४१५ ग्रॅम, एका चार्जमध्ये दीड हजारावर फोटो. आता निकॉन आणि कॅनन दोघांचाही भर मिररलेसवर आहे. त्यामुळे असे एसएलआर मुख्यतः वापरलेलेच मिळतात आणि शिकायला त्याहून परवडणारा रस्ता मला दिसत नाही. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा तुमच्या गावात ओळखीच्या दुकानात वापरलेली बॉडी हातात आली, तर आधी व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. चष्मा असेल तर चष्म्यासकट चारही कोपरे दिसतात का बघा. एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग तपासा. शटर किती वेळा चाललं आहे ते विचारा. आणि मोटरचा प्रश्न विसरू नका, कारण तो डी३५०० मध्येही तसाच आहे आणि उलट बाजूनेही आला आहे. डी३५०० सोबत मिळणाऱ्या नव्या एएफ-पी लेन्स डी४० वर फोकसच करत नाहीत.

पैसे बेताचे असतील तर ते बॉडीत कमी आणि लेन्समध्ये जास्त घाला. डी४० वर घेतलेली ती ३५ मिलिमीटरची लेन्स डी३५०० वर जशीच्या तशी चालते. उद्या निकॉनच्या मिररलेसवर गेलात तर एफटीझेड अडॅप्टर लावून तिथेही ती आपोआप फोकस होते. मोटर नसलेली ५० मिलिमीटरची लेन्स त्या अडॅप्टरवरही हातानेच फिरवावी लागते.