आडवी बाटली, उभी बाटली

नगर जिल्ह्यात (कागदावर आता अहिल्यानगर, एसटी स्टँडवर अजून नगरच) बाटली आडवी होते ती मतपत्रिकेवर. गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर मतदान घेतात तेव्हा चिन्हं दोनच असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद कर. बायकांच्या मतदानातून दुकान बंद करायचं तर गावातल्या एकूण मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. म्हणजे जी घरी राहिली तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या खात्यात जमा. अलीकडच्या मराठीतली इतकी ताकदीची दुसरी प्रतिमा मला चटकन आठवत नाही, आणि ती कुणा कवीला सुचलेली नाही.

पोर्तुगालमध्ये डौरो नदीच्या खोऱ्यात होणाऱ्या व्हिंटेज पोर्टची बाटलीही आडवीच असते. वीस, तीस, कधी पन्नास वर्षं. आडवी ठेवली की बूच ओलं राहतं आणि वाइनमधला गाळ एका बाजूला बसतो. बाटली हलवली तरी तीच बाजू वर राहावी म्हणून जुन्या काळी तिच्यावर चुन्याचा एक फटका मारून ठेवत. प्यायच्या आदल्या दिवशी ती उभी करायची, गाळ तळाशी उतरू द्यायचा, मग हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतायची. एकीकडे आडवी बाटली म्हणजे शेवट, दुसरीकडे आडवी बाटली म्हणजे वाट बघणं.

हे दोन्ही एकत्र आणायचं कारण ‘टेस्टिंग’. नाशिकच्या वायनरींनी हा शब्द आपल्या इन्स्टाग्रामवर आणून सोडलाच आहे. समजा दहा-बारा मित्रमैत्रिणींनी पैसे काढून व्हिंटेज पोर्टचं टेस्टिंग भरवायचं ठरवलं, तर काय काय लागेल? बाटल्या, ग्लास, पैसे हे आलंच. पण मला हा प्रश्न आधी वाङ्मयीन वाटतो. चार लोकांनी एकत्र बसून दारूविषयी बोलायचं, तर मराठीत बोलण्याचा नमुना कोणता?

नमुना एकच आहे आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधलं आर्य मदिरा मंडळ. नाटक रंगभूमीवर आलं १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर महिन्याभरात. सनद तात्पुरती रद्द झाल्याने खचलेला वकील सुधाकर, त्याला पहिला प्याला देणारा तळीराम, आणि या सगळ्याची किंमत मोजणारी सिंधू हे सगळ्यांना माहीत असतं. मंडळ मात्र लोक ‘विनोदी प्रवेश’ म्हणून बाजूला ठेवतात. मला ते नाटकाचं मर्म वाटतं. गडकऱ्यांनी इथे नुसते दारुडे जमवलेले नाहीत, त्यांनी एक संस्था काढली आहे. सभासद आहेत, उद्देश आहे, चर्चा आहे. शास्त्री आहे आणि खुदाबक्षही आहे. त्या काळच्या सभा-परिषदा, सुधारक मंडळं, ठराव यांची सगळी भाषा तळीरामाने उचलली आहे. एकटा पितो तो व्यसनी, मंडळ करून पितो तो कार्यकर्ता!

पण या मंडळात एक गोष्ट नाही. चव. प्याल्याचे परिणाम आहेत, समर्थनं आहेत, त्यावर कोट्यांची आतषबाजी आहे. प्याल्यात आहे काय, ते आंबट की तुरट, याला जवळजवळ जागाच नाही. गडकऱ्यांना दोष द्यायचा नाही, त्यांना शोकांतिका लिहायची होती. पण त्यांच्यानंतर आपणही ती जागा रिकामीच ठेवली. आपली क्रियापदं बघा: घेतली, लावली, मारली, चढली, उतरली. किंवा नुसतं ‘बसायचं का?’, ज्यात कर्मच गायब. ‘चाखली’ कुणी म्हणत नाही. गंमत म्हणजे चाखण्यावरून आलेला शब्द आपल्याकडे आहे, तो चकणा. म्हणजे बैठकीत चाखायचं काय, तर शेंगदाणे.

आणखी एक झालं. तळीराम हे सामान्यनाम बनलं. ड्राय डेच्या बातमीत ‘तळीरामांचा हिरमोड’ होतो, थर्टी फर्स्टला ‘तळीरामांवर नजर’ असते. सुधाकर मात्र कुणालाच म्हणत नाहीत, खरं तर नाटकात बुडतो तो सुधाकर. भाषेने शोकांतिकेतला विनोदी माणूस ठेवून घेतला आणि ज्याचं घर मोडलं त्याला विसरली. गडकऱ्यांचा विनोद त्यांच्याच शोकांतिकेवर मात करून गेला, असं माझं मत आहे. नाटकाचे चाहते रागावतील, रागावू देत.

आता टेस्टिंगकडे. डौरोचा प्रदेश १७५६ साली पोंबालच्या काळात हद्द आखून ठरवला गेला. तिथल्या द्राक्षांचा रस आंबत असताना मध्येच त्यात सुमारे ७७ टक्के मद्यार्काची द्राक्षाची ब्रँडी ओततात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते, आणि तयार होते ती गोड, सुमारे २० टक्के मद्यार्काची पोर्ट. फार चांगलं वर्ष असेल तरच उत्पादक ते ‘व्हिंटेज’ म्हणून जाहीर करतात. पीक काढल्यावर दोन-तीन वर्षांत ती बाटलीत भरायची, पुढचं काम बाटलीत. १९६३, १९७७, १९९४, २०११ ही नावाजलेली वर्षं. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं बहुतेकांनी जाहीर केली, हे क्वचितच घडतं. नगरच्या दुकानात ‘पोर्ट’ मागितली तर हाती पडते ती गोव्याची गोड लाल बाटली. तिचा डौरोशी संबंध नावापुरता.

(नगरचा डौरोशी एक संबंध मात्र आहे. आर्थर वेलस्लीने ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेतला. याच माणसाने मे १८०९ मध्ये फ्रेंचांकडून पोर्तो घेतलं, आणि नदी ओलांडायला त्याला उपयोगी पडले ते वाइनची पिंपं वाहणारे पडाव. किल्ला बघायला जाल तेव्हा गाइडला सांगा.)

टेस्टिंगचे दोन प्रकार. एकाच उत्पादकाची वेगवेगळी वर्षं घेतली तर ते उभं टेस्टिंग, एकाच वर्षातले वेगवेगळे उत्पादक घेतले तर आडवं. हो, तिथेही उभं-आडवं आहेच. नवख्या गटाला मी आडवं सुचवीन, कारण त्यात वय सारखं असतं आणि फरक कळतो तो हाताचा. जुन्या-नव्या मिसळून घेतल्या तर जुनी आधी. तिचा आवाज बारीक झालेला असतो, कोवळी आधी घेतली तर तिच्या तुरटपणाने जीभ बधिर होते. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर नुसते आकडे लिहायचे. आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचं नाव झाकून कविता वाचायला दिल्या होत्या, तसंच हे. नाव आणि किंमत झाकली की निम्म्या लोकांचं मत झाकलं जातं.

किंमत हा विषय आहेच. आयात वाइनवर भारतात वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं, त्यामुळे अशा बाटल्या बहुधा विमानतळावरून कुणाच्या तरी बॅगेतून येतात. वर्गणी काढावीच लागते. वर्गणी काढून बाटली आणणाऱ्या लोकांना मंडळाशी नातं नाकारता येणार नाही, तळीराम आपला पूर्वज आहे.

आणि हिशेब. ७५० मिलीची बाटली, गाळ सोडून साधारण ६६० हाती लागते. बारा जणांत प्रत्येकी ५५ मिली. थेंबभरच वाटतं. सहा बाटल्या असल्या की ३३० मिली, त्यात २० टक्क्यांनी ६६ मिली शुद्ध मद्यार्क. आपल्याकडच्या ४२.८ टक्के व्हिस्कीच्या साठ मिली पेगमध्ये तो साधारण २६ मिली असतो. म्हणजे ‘आम्ही नुसती चव घेतली’ म्हणत उठणाऱ्याच्या पोटात अडीच लार्ज गेलेले असतात. म्हणून टेस्टिंगचं मुख्य साधन ग्लास नव्हे, पिकदाणी. चव घ्यायची, तोंडात फिरवायची, थुंकायची. ज्या टेस्टिंगमध्ये पिकदाणी नाही ते आर्य मदिरा मंडळ आहे, भाषा कितीही इंग्रजी असो.

हा हिशेब मी मुद्दाम मांडतोय. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य घरोघरी पोचलं. द्राक्षबागायतदाराचं भलं हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. विरोधाचा मोठा आवाज आमच्याच जिल्ह्यातून उठला, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून. अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषण जाहीर केलं, मग ग्रामसभेनंतर ते थांबवलं. निर्णय पुढे थंडावला. पिऊन येणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याची अण्णांची जुनी पद्धत मला पटत नाही. पण ते वाक्य खोटं होतं, आणि खोटेपणा दाखवायला पोर्टइतका चांगला साक्षीदार नाही. ही वाइन आहे आणि तिच्यात ब्रँडी ओतलेली आहे. ती सीमारेषेवर बसते आणि सीमारेषाच पुसते.

ब्रँडी म्हटल्यावर श्रीरामपूर आठवायला हवं. तिथल्या टिळकनगरात १९३३ साली महादेव डहाणूकरांनी साखर कारखाना काढला. त्याच घराण्याच्या कंपनीची मॅन्शन हाऊस ब्रँडी आज देशभर विकली जाते. ऊस, साखर, मळी, मद्यार्क ही साखळी या जिल्ह्याच्या अर्थकारणात मुरलेली आहे. दारूशी आमचं नातं नवं नाही, तिच्याविषयी सरळ बोलण्याची सवय तेवढी नाही.

सरळ बोलायचं तर फेब्रुवारी २०१७ मधलं पांगरमलही सांगावं लागेल. जिल्हा परिषद निवडणुकीच्या काळातली पार्टी, विषारी दारू, आणि त्यात गेलेले जीव. ती पार्टीही कुणीतरी ‘आयोजित’ केलेलीच होती. टेस्टिंगमध्ये पहिला घोट घेताना आपण बाटलीवर विश्वास ठेवतो: लेबल खरं, वर्ष खरं, आत लिहिलंय तेच. हा विश्वास विकत घेता येतो, म्हणूनच त्याची किंमत दीडशे टक्क्यांनी वाढते. पांगरमलच्या माणसांना तो परवडणारा नव्हता. चवीविषयी बोलण्याची मुभा ही आधी सुरक्षिततेची मुभा असते, हे वाइनवरच्या लेखनात मला फारसं दिसत नाही.

मग टेस्टिंग करूच नये का? करावं. वाइनला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षांची अट पाळून, परवाना काढून, गाडी न चालवता. करावं ते मुख्यतः भाषेसाठी. इंग्रजी टेस्टिंग नोट उचलून ‘ब्लॅककरंट’ लिहिणारा राहुरीचा मुलगा न खाल्लेल्या फळाची साक्ष देत असतो. त्याने करवंद लिहावं, जांभूळ लिहावं. जांभळाने जिभेवर जो जांभळा-तुरट थर चढतो, तो कोवळ्या पोर्टच्या तुरटपणाच्या किती जवळ आहे ते करून बघा. वाइनमधला तुरटपणा टॅनिनचा, टॅनिन हिरड्यातही असतं, आणि अकोल्याच्या डोंगरात आदिवासी बायामाणसं हिरडा गोळा करतात. जुन्या पोर्टला मनुका, अंजीर, काकवी, गुऱ्हाळावरचा खरपूस वास. ब्रँडीची धग घशात जाणवली तर ‘उग्र’ हा शब्द आहेच, ‘स्पिरिटी’ कशाला? हे शब्द शेतातून आणि स्वयंपाकघरातून येतात, त्यामुळे त्या टेबलावर बायका असायला हव्यात. आर्य मदिरा मंडळात सिंधूला खुर्ची नव्हती. तिला दारू कळली ती सुधाकराच्या पावलांच्या आवाजावरून. आडव्या बाटलीसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना ती तशीच कळलेली असते. त्यांचं ज्ञान टेस्टिंग नोटमध्ये बसत नाही, पण ते दारूविषयीचंच ज्ञान आहे.

राहता राहिली व्यवहाराची बाब. जुनी व्हिंटेज पोर्ट उघडली की एक-दोन दिवसांत मलूल होते. त्यामुळे टेस्टिंगच्या शेवटी दर वेळी तोच पेच येतो: भांड्यांत थोडी थोडी उरलेली असते, महाग असते, उद्यापर्यंत टिकेलच असं नाही, आणि कुणीतरी म्हणतं, ‘आता संपवून टाकू.’ ते ‘कुणीतरी’ कोण असतं, हे नाटक वाचलेल्याला सांगायला नको. यजमानाने आधीच ठरवून ठेवावं. झाकण लावून फ्रिजमध्ये, किंवा सरळ मोरीत.