कोॲक्सिअल कनेक्टर आणि मुद्रित मंडल : संधिस्थानाच्या आरेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

उच्च कंप्रतेचा संकेत केबलमधून मुद्रित मंडलावर, म्हणजेच पीसीबीवर, जेथे उतरतो ते स्थान इलेक्ट्रॉनिक्सच्या अध्यापनात बहुधा दुर्लक्षित राहते. केबलचा सिद्धांत शिकवला जातो, मंडलावरील परिपथाचे आरेखनही शिकवले जाते. या दोहोंना जोडणारा कनेक्टर मात्र सूचीतून निवडून बसवायचा एक सुटा भाग मानला जातो. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा एसएमए या सर्वपरिचित कनेक्टरच्या आधारे करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

कोॲक्सिअल केबलचे पेटंट ऑलिव्हर हेविसाइड यांनी इंग्लंडमध्ये १८८० साली घेतले. मधला वाहक, त्याभोवती निरोधक आणि त्याभोवती नळीसारखा बाह्य वाहक, अशी तिची रचना असते. तिचा इम्पिडन्स बाह्य व आंतर व्यासांच्या गुणोत्तरावर आणि निरोधकाच्या परावैद्युत स्थिरांकावर अवलंबून असतो. निरोधक हवा असेल तर ५० ओमसाठी हे गुणोत्तर सुमारे २.३ लागते, तर टेफ्लॉनसाठी सुमारे ३.३. ५० ओम हा आकडाही तडजोडीतून आलेला आहे. हवा निरोधक असताना सर्वांत कमी ऊर्जाऱ्हास ७७ ओमच्या आसपास होतो, तर सर्वाधिक शक्ती ३० ओमच्या आसपास वाहून नेता येते.

एसएमएचे मूळ रूप १९५८ मध्ये अमेरिकेतील बेंडिक्स रिसर्च लॅबोरेटरीज येथे जेम्स चील यांनी सिद्ध केले. ते सुमारे ३.६ मि.मी. व्यासाच्या अर्धदृढ केबलसाठी होते. ही बाब महत्त्वाची आहे, कारण केबल आणि कनेक्टर दोन्ही वर्तुळाकार असल्याने विद्युतक्षेत्राला आपला आकार बदलावा लागत नव्हता. मुद्रित मंडल सपाट असते. तेथे ट्रेसखालून निघणारे क्षेत्र चहूबाजूंना न पसरता मुख्यतः खालच्या ग्राउंड प्लेनकडे जाते. वर्तुळाकाराकडून सपाटाकडे होणारे हे संक्रमण मूळ आरेखनात गृहीतच धरलेले नव्हते.

दोन प्रचलित रचनांचे मूल्यमापन

पहिली रचना उभ्या कनेक्टरची. मधली पिन आणि ५.०८ मि.मी. बाजूच्या चौरसाच्या कोपऱ्यांवरील चार पाय मंडलातील छिद्रांतून आरपार जातात व पलीकडे सोल्डर केले जातात. यांत्रिक मजबुतीच्या दृष्टीने ही रचना उत्तम आहे. विद्युतदृष्ट्या मात्र तिच्यात दोन उणिवा संभवतात. ट्रेस कनेक्टरच्याच बाजूच्या थरावर ठेवला, तर पिनेचा उरलेला भाग खाली लोंबत राहतो आणि संकेतासाठी आंधळ्या बोळासारखा ठरतो. ट्रेस विरुद्ध बाजूस घेतला, तर ही उणीव जवळजवळ नाहीशी होते. त्यासाठी कोणताही अधिक खर्च येत नाही. केवळ विचार करावा लागतो. दुसरी उणीव पिनेभोवतीच्या मोकळ्या जागेची. एफआर-४ या नेहमीच्या मंडलद्रव्याचा परावैद्युत स्थिरांक ४.३ धरल्यास ५० ओमसाठी व्यासांचे गुणोत्तर सुमारे ५.६ येते. म्हणजे १.३ मि.मी.च्या छिद्राभोवती, ढोबळमानाने, ७ मि.मी.हून अधिक व्यासाचे वर्तुळ ग्राउंड प्लेनमध्ये मोकळे हवे. आरेखनाच्या संगणकप्रणालीत पूर्वनियोजित अंतर बहुधा मि.मी.च्या अंशात असते. ते तसेच स्वीकारले की प्रत्येक प्लेन पिनेशी एक धारित्र तयार करते.

दुसरी रचना मंडलाच्या कडेवर बसणाऱ्या कनेक्टरची. येथे पिन ट्रेसवर आडवी टेकते आणि पाय मंडलाच्या कडेला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. संकेताला काटकोनात वळावे लागत नाही, हा या रचनेचा मोठा गुण. तथापि तिचे यश मंडलाच्या जाडीवर अवलंबून असते. १.६ मि.मी. जाडीच्या दोन थरांच्या एफआर-४ मंडलावर ५० ओमचा ट्रेस सुमारे ३ मि.मी. रुंद असतो, पिन त्यावर सहज मावते. चार थरांच्या मंडलात ग्राउंड प्लेन पृष्ठभागाखाली ०.२ मि.मी.वर असेल, तर हाच ट्रेस ०.४ मि.मी.हूनही अरुंद होतो. पिनेसाठीचे पॅड मात्र रुंदच ठेवावे लागते. १.५ गुणिले ४ मि.मी.च्या अशा पॅडची धारिता सुमारे १.१ पिकोफॅरड भरते. २.४ गिगाहर्ट्झला, म्हणजे वाय-फायच्या कंप्रतेला, तिचा प्रतिरोध जेमतेम ६० ओम असतो. ५० ओमच्या मार्गाला समांतर जोडलेला असा घटक नगण्य मानता येत नाही. पॅडखालील प्लेनचा तेवढाच भाग काढून टाकणे आणि भोवती ग्राउंड व्हायांची दाट रांग लावणे, हा त्यावरील प्रस्थापित उपाय होय.

‘१८ गिगाहर्ट्झ’ या आकड्याचा अर्थ

एसएमए कनेक्टरच्या माहितीपत्रकात सामान्यतः १८ गिगाहर्ट्झपर्यंतची क्षमता नमूद असते. हा आकडा असत्य नाही. पण तो कनेक्टरचा आहे, सांध्याचा नव्हे. सांध्याचा अर्धा भाग कारखान्यात घडतो, तर उरलेला अर्धा मंडलाच्या आरेखनकर्त्याच्या हातून. निर्माता आपल्या भागाची हमी देतो, मंडल तयार करणारा ट्रेसच्या ५० ओमची हमी देतो. मधले काही मि.मी. कोणाच्याच जबाबदारीत येत नाहीत. प्रचलित पद्धतीवरील मुख्य आक्षेप हाच आहे.

याचे परिणाम महाविद्यालयीन संशोधनापर्यंत पोहोचतात. अँटेनाचे मापन करताना उपकरणाचे अंशांकन बहुधा केबलच्या टोकापर्यंत केले जाते. त्यापुढील कनेक्टर, पॅड व सोल्डरचा थेंब यांचे दोष अँटेनाच्या खात्यावर जमा होतात. विद्यार्थी अँटेनाची लांबी बदलत राहतो आणि मूळ दोष अबाधित राहतो. कधी सांध्याचा दोष अँटेनाच्या दोषाला झाकून टाकतो आणि चुकीचा निष्कर्ष यश म्हणून प्रसिद्ध होतो. एंगेन आणि होअर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या टीआरएल अंशांकनात प्रमाण ट्रेस त्याच मंडलावर छापता येतात. त्यामुळे सांध्याचा परिणाम वेगळा काढता येतो. त्याचा खर्च मंडलावरील काही चौरस सेंटिमीटर जागेइतकाच आहे.

मर्यादा

विद्युतदृष्ट्या निर्दोष आरेखन यांत्रिकदृष्ट्या टिकेलच असे नाही. पोलादी एसएमएची नट साधारण १ न्यूटन-मीटर आघूर्णाने आवळली जाते आणि तो ताण अखेर सोल्डरवर येतो. पॅड अति लहान केल्यास ते मंडलावरून उखडते. म्हणून संकेताचे पॅड लहान व ग्राउंडचे पाय भक्कम, अशी विभागणी स्वीकारार्ह ठरते. शिवाय काही शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत तरंगलांबी इतकी मोठी असते की वर उल्लेखिलेले बहुतेक दोष जाणवतही नाहीत. तेथे स्वस्त उभा कनेक्टर वापरणे हेच शहाणपणाचे.

समारोप

कनेक्टर हा मार्गाला जोडलेला भाग नसून मार्गाचाच भाग आहे. त्याची निवड सूचीत संपत नाही, ती मंडलाच्या थररचनेपाशी सुरू होते. प्रकल्प अहवालांत आणि शोधनिबंधांत कनेक्टरच्या नावाबरोबर मंडलाची जाडी, पॅडची मापे आणि अंशांकनाची सीमा नोंदवण्याचा आग्रह मार्गदर्शकांनी धरला, तर मापनांची विश्वासार्हता निश्चित वाढेल. असा आग्रह धरण्यासाठी नव्या उपकरणाची गरज नाही; अहवालातील एका परिच्छेदाची आहे.