पाजावे, निजवावे, टाळावे : यातला कर्ता कोण?

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला आणि एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही आणि बाळसंगोपन? तुम्ही तर आम्हाला कांट शिकवलात." मी म्हटलं, अरे, त्या कांटनं बाळांना कापडात आवळून बांधू नये, यावरसुद्धा व्याख्यानं दिली आहेत. आणि गडी जन्मभर अविवाहित होता! (हशा)

हसू नका, आमच्या क्षेत्रात ही परंपराच आहे. जॉन लॉक, तोही अविवाहित. १६९३ साली त्यानं मुलांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्यात मुलांचे बूट इतके पातळ असावेत की पाणी आत शिरलं पाहिजे, असा सल्ला आहे. रूसोनं १७६२ च्या 'एमिल'मध्ये आयांनी आपली बाळं स्वतः पाजावीत असं मोठ्या तळमळीनं लिहिलं, आणि स्वतःची पाच मुलं पॅरिसच्या अनाथालयात पाठवली. बाळाबद्दल सल्ला देणारा माणूस पुष्कळदा बाळापासून बराच लांब बसलेला असतो, एवढंच मला यातून दाखवायचं आहे. मीही तसाच बसलेला होतो. त्याकडे शेवटी येतो.

आज मला आई-बापांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्याची समीक्षा करायची आहे. आपण कवितेची करतो, नाटकाची करतो. पण दवाखान्यातली पत्रकं, पुस्तिका, मोबाईलवर येणारे संदेश, शेजारणीचं बोलणं हेसुद्धा एक वाङ्मयच आहे, आणि घरात त्याचा अंमल कवितेपेक्षा जास्त चालतो. त्याची भाषा तपासायला नको?

शाळेत आपण विध्यर्थ शिकलो. करावे, द्यावे, टाळावे. कोणतीही पुस्तिका उघडा, तिची भाषा हीच असते. बाळाला पाजावे. वेळेवर निजवावे. लंगोट ओला झाल्यास बदलावा. लसीची तारीख चुकवू नये. बाळाशी भरपूर बोलावे. या वाक्यांत क्रियापद आहे, कर्म आहे, कर्ता नाही. व्याकरणात आपण म्हणतो, कर्ता अध्याहृत आहे. पण घरात तो कोण हे सगळ्यांना पक्कं माहीत असतं. आई! 'पाजावे' यातला कर्ता निसर्गानं ठरवला, ते मान्य. पण निजवणं, लंगोट बदलणं, लसीला नेणं, गोष्ट सांगणं? यातलं काय बापाला करता येत नाही? ते वाक्यानं ठरवलं. कर्त्याचं नाव न घेता ठरवलं, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही.

आता घरचंच उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वीचा मे महिना. जळगावचा मे तुम्हाला सांगायला नको. पारा ४४-४५ ला टेकलेला, दुपारी पंख्याची हवासुद्धा भाजते. मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, नात अडीच महिन्यांची. माझी पत्नी म्हणाली, "लेकराचे ओठ सुकलेत, दोन चमचे पाणी पाजू या." मुलीनं मोबाईल पुढे केला, "आई, सहा महिने पाणी नाही द्यायचं." झालं, वाद पेटला. मी मध्ये पडलो. दोन्ही बाजू कशा समजून घ्याव्यात, यावर मी चांगला अर्धा तास बोललो असेन. नात रडत होती. शेवटी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी फडकं खाली टाकून म्हणाल्या, "अहो सर, पहिले तिले तं पानी द्या." तिले म्हणजे माझ्या मुलीला! सकाळपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि आमच्या तिघांपैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

शास्त्र काय म्हणतं ते आधी स्पष्ट करतो, कारण उन्हाळा दरवर्षी येतो. आईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असतं. पूर्णपणे अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिने वेगळं पाणी लागत नाही, खानदेशच्या उन्हाळ्यातसुद्धा नाही. पाण्यानं इवलंसं पोट भरतं, बाळ कमी पितं, मग दूधही कमी येऊ लागतं. पाणी स्वच्छ नसेल तर जुलाबाची भीती वेगळीच. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यायचं आणि आईनं स्वतः भरपूर पाणी प्यायचं. पहिला आठवडा सरल्यावर बाळाला दिवसातून सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. शू कमी झाली, बाळ मलूल झालं, प्यायला नको म्हणू लागलं, तर वाद न घालता दवाखाना गाठायचा. वरचं दूध पिणाऱ्या किंवा आजारी बाळाचं डॉक्टरांनाच विचारायचं.

म्हणजे मुलीचं बरोबर होतं. पण पत्नीचं म्हणणं अडाणीपणाचं होतं का? १९७९ साली आमचा मुलगा तान्हा होता, तेव्हा डॉक्टरांनीच तिला उकळून गार केलेलं पाणी द्यायला सांगितलं होतं. त्या काळी तोच सल्ला सर्रास दिला जाई. आजची आजी जे बोलते, त्यातलं बरंचसं कालच्या डॉक्टरांचं बोलणं असतं. तिला 'जुन्या विचारांची' म्हणून उडवून लावण्याआधी हे आठवावं. ती तिच्या काळातली शहाणी, ऐकणारी आई होती.

मग कुणी म्हणेल, सल्ले बदलतातच, तर मानायचे कशाला? हा निष्कर्षही घाईचा आहे. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक १९४६ साली अमेरिकेत आलं आणि जगभर गेलं. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी बाळाला पालथं निजवण्याचा सल्ला दिला. कारण काय, तर उताणं बाळ उलटी झाल्यास गुदमरेल. कारण ऐकायला किती पटतं बघा! पण पालथं झोपण्याचा झोपेतल्या अचानक मृत्यूंशी संबंध आहे, असं पुढे दिसून आलं. १९९४ मध्ये अमेरिकेत बाळांना उताणं निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू पुढे जवळपास निम्म्यावर आले. हा पुरावा १९७० च्या सुमारासच हाताशी होता, पण तो एकत्र करून कुणी पाहिला नव्हता, असं नंतरच्या एका आढाव्यानं दाखवलं. धडा असा, की पटणारं कारण म्हणजे पुरावा नव्हे. हे आजीला लागू आहे, मोबाईलला लागू आहे आणि मोठ्या डॉक्टरांनाही लागू आहे. सल्ला बदलला तो पुरावा मोजला म्हणून. ही त्याची लबाडी नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा आहे.

आता मुख्य मुद्दा. नीतिशास्त्रात एक तत्त्व आहे, कांटशी जोडलं जातं ते. एखाद्याला 'तू हे केलं पाहिजेस' म्हणायचं, तर ते त्याला शक्य आहे हे त्यात धरलेलंच असतं. जे शक्यच नाही, ते कर्तव्य म्हणून लादता येत नाही. हे तत्त्व 'सहा महिने फक्त आईचं दूध' या वाक्याला लावून पाहा. २०१७ च्या दुरुस्तीनं दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, हिशेब जुळला. पण कापूस वेचायला जाणारी, वीटभट्टीवर राबणारी, साक्री-शिरपूरकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणारी बाई? तिला रजा देणार कोण? पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. बाळ घरी, आई शेतात, मध्ये चार कोस. वाक्य तेच, तितकंच खरं. एकीला ती सूचना असते आणि दुसरीला तो आरोप होतो. वजन वाढलं नाही की विचारतात, "पाजत नाहीस का गं?"

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक छोटी तरतूद लिहिली गेली. कामावरच्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्यांतल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला त्याची मजुरी द्यायची. बालसंगोपनावर मी जे वाचलं, त्यात हे वाक्य मला फार वरच्या दर्जाचं वाटतं. त्यात कर्ता आहे आणि कर्त्याला मजुरी आहे.

आपल्याकडे हे ओळखणारी माणसं आधीही होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पोरांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर चालणारा शब्द त्या कामातून आला. थोरल्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात म्हणून शिकू शकत नाहीत, हे दिसल्यावर 'मुलींना शाळेत पाठवावे' अशी पाटी लावून त्या थांबल्या नाहीत. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा त्यांनी एकत्र आणली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून घरोघर पाठवलं. तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. आज आपल्या गावातली आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा वेळा येते, ती याच वाटेनं. पत्रकात लिहिलंय तेच ती सांगते. फरक इतकाच, की ती स्वतः बाळाचं वजन करते आणि आईकडे बघते.

आपल्या जुन्या सव्वा महिन्याचाही विचार करा. बाळंतिणीला उठू न देणं, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला येणारी बाई. त्याच गाठोड्यात चीक पिळून टाकणं होतं, मध चाटवणं होतं, डोळ्यांत काजळ होतं, कोंडलेल्या खोलीत शेगडीचा धूर होता. या चुका गेल्या, बरंच झालं. चीक म्हणजे बाळाचं पहिलं संरक्षण; वर्षाच्या आत मध धोक्याचा; काजळात शिसं असू शकतं. इथं तडजोड नाही. पण गाठोडं फेकताना त्यातले हातही गेले, आणि त्यांच्या जागी पत्रक आलं. ते हात मात्र बायकांचेच होते, तेही बिनमोबदला. तेव्हा मी 'जुनं ते सोनं' म्हणत नाही. हात परत हवेत, पण यावेळी पुरुषांचेही.

विनिकॉट नावाचे इंग्लिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक बीबीसीवरून आयांशी बोलत असत. त्यांच्या विचाराचा गाभा असा, की बाळ म्हटलं की त्याला सांभाळणारं माणूस त्यात आलंच. आणि ते माणूस परिपूर्ण असायची गरज नाही, पुरेसं चांगलं असलं तरी बाळ वाढतं. मी त्यात एवढीच भर घालतो, की ते पुरेसं चांगलं असायलासुद्धा झोप लागते, जेवण लागतं आणि कुणीतरी दहा मिनिटं बाळ हातात घ्यावं लागतं.

आता माझ्यापुरतं. १९७९ साली मी प्रबंध लिहीत होतो. विषय होता कर्तव्याची संकल्पना. पत्नी शाळेत शिक्षिका. रजा संपून ती कामावर जाऊ लागली होती. रात्री मूल रडलं की मी माझ्या खोलीचं दार लोटून घेत असे. सकाळी तिला सांगत असे, मुलाला ठराविक वेळी निजवण्याची सवय लावावी. लावावी! कर्ता अध्याहृत. अमळनेरच्या तत्त्वज्ञान केंद्राच्या ग्रंथालयात मी दिवसचे दिवस बसलो, पुष्कळ शिकलो. पण मावशींनी एका वाक्यात जे दाखवलं, ते मला तोवर दिसलं नव्हतं. पदवी मिळाली. तिच्या त्या रात्री मात्र मला परत करता येणार नाहीत. मी तिला हे बोलून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता नातीला घ्या."

इथं बरेच आजोबा बसले आहेत, काही नवे बापही दिसतात. सल्ला देऊ नका असं मी सांगत नाही. मधाचं माहीत असून गप्प बसणं हा गुन्हा होईल. पण पुढच्या वेळी तोंडात '-वे' आलं की जरा थांबा आणि त्या वाक्याला कर्ता लावून बघा. 'बाळाला निजवावे' ऐवजी 'बाळाला मी निजवतो' म्हणून बघा. जमत नसेल, तर निदान विचारा, "जेवलीस का? झोप झाली का?" आणि पाण्याचा तांब्या भरून तिच्या हाताशी ठेवा.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवला आहे. ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी मात्र थांबू नये, घरी जावं.