अपुरा कुमसार

फ्रान्झ श्टांगल हा ऑस्ट्रियातील विणकराचा धंदा सोडून पोलीस खात्यात शिरलेला कुटुंबवत्सल कॅथलिक गृहस्थ. १९४२-४३ मध्ये नाझीव्याप्त पोलंडमधील सोबिबोर व त्यानंतर त्रेब्लिंका या संहारछावण्यांचा तो प्रमुख होता. एकट्या त्रेब्लिंकात ७ लाखांहून अधिक माणसे, बहुतेक सारी ज्यू, विषारी वायूने मारली गेली. युद्धानंतर तो रोममार्गे सिरियास व १९५१ मध्ये ब्राझीलला गेला. तेथे फोक्सवॅगनच्या कारखान्यात त्याने नोकरी केली. १९६७ मध्ये त्याला अटक झाली व १९७० मध्ये ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. १९७१ मध्ये तुरुंगात पत्रकार गिट्टा सेरेनी यांनी त्याच्याशी सुमारे ७० तास संभाषण केले. 'इन्टू दॅट डार्कनेस' (१९७४) हा ग्रंथ त्याचेच फलित होय.

सेरेनी श्टांगलला राक्षस ठरवीत नाहीत, हे या ग्रंथाचे पहिले श्रेय. धर्मत्यागाच्या कागदावरील सही, अपंग व मनोरुग्णांची हत्या होणाऱ्या हार्टहाइममधील नेमणूक, मग सोबिबोर, अशी त्याच्या अधःपाताची एकेक पायरी त्या दाखवितात. प्रत्येक पायरीवर त्याच्यापाशी सबब तयार असते.

ख्रिस्ती वाचकाने पान उलटू नये अशी दोन स्थळे येथे आहेत. रोममध्ये श्टांगलला आसरा, पैसा व प्रवासाची कागदपत्रे मिळवून देणारे अलोईस हुडाल हे आपल्याच ख्रिस्तसभेचे बिशप होते. दुसरे स्थळ आम्हां धर्मगुरूंना अधिक बोचते. पतीचे काम कळल्यावर तेरेझा श्टांगल एका धर्मगुरूकडे गेली. तिच्या सांगण्याप्रमाणे, त्या जागी आपणही तेच केले असते, असे म्हणून त्याने तिच्या पतीला दोषमुक्त ठरविले. जो समोर आला नाही, ज्याने पापाचा उच्चारही केला नाही, त्याला क्षमा! दुःखी स्त्रीचे सांत्वन झाले असेल. पण त्या क्षमेत मेलेल्यांना जागा कोठे होती?

लेखिकेशी आमचा मतभेद आहे तो शेवटाविषयी. अखेरच्या भेटीत, बराच वेळ अडखळून, श्टांगलने आपल्या अपराधाचा काही अंश मान्य केला. त्यानंतर १९ तासांनी हृदयक्रिया बंद पडून तो वारला. त्याने अखेर सत्याला तोंड दिले, असे सेरेनींना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. आपण अजून जिवंत आहोत, हाच त्याला आपला अपराध वाटला. ज्यांना त्याने जगू दिले नाही, त्यांचा त्या कबुलीत उल्लेख नाही. जक्कयाने प्रभूसमोर उभे राहून ज्यांना लुबाडले त्यांची आठवण काढली व चौपट परतफेड कबूल केली. कुमसार तो असा. स्वतःच्या व्यथेपाशी थांबलेली कबुली ही त्याची केवळ सुरुवात होय.

तरीही ती सुरुवात एका पत्रकार स्त्रीच्या चिकाटीने झाली, एखाद्या धर्मगुरूच्या प्रश्नाने नव्हे. याच कारणासाठी, कुमसार ऐकणाऱ्यांनी आणि करणाऱ्यांनीही, हा ग्रंथ वाचावा.