तुझी टीम कुठली?

दोन अनोळखी चाहते भेटले की पहिल्या पाच मिनिटांत काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. टीम कुठली? कधीपासून? पहिली मॅच कुणाबरोबर पाहिलीस? मग वडील येतात, मामा येतो, शेजाऱ्यांचा टीव्ही येतो, परीक्षेच्या आदल्या रात्री चोरून पाहिलेली शेवटची पाच ओव्हर्स येतात. सगळ्यांच्या कहाण्या थोड्याफार सारख्या, तरी प्रत्येकाला आपली वेगळी वाटते. कट्ट्यावर हे सगळं खपून जातं. पण याच गप्पांचं पुस्तक झालं, की वाचणाऱ्याला विचारावंच लागतं: तुझं बालपण मी का वाचू?

इंग्रजीत चाहत्याचं आत्मकथन हा एव्हाना रुळलेला प्रकार आहे. त्यातली बरीच पुस्तकं एकाच साच्यातून निघालेली असतात. घर, वडील, पहिलं मैदान, पहिला हिरो, मोठा पराभव, त्याहून मोठा विजय, आणि शेवटी 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही'. यात लेखकाची पार्श्वभूमी दाखल्यासारखी येते. मी जुना आहे, मी खरा आहे, कप जिंकल्यावर जर्सी घातलेल्यांपैकी नाही, एवढंच तिला सिद्ध करायचं असतं. मात्र काही थोड्या पुस्तकांत हीच पार्श्वभूमी लेखकाच्या अंगावर येते. आपण ज्याला प्रेम म्हणत होतो त्यात घर किती होतं, वर्ग किती होता, सोय किती होती, हे तो तपासायला लागतो. या दोन प्रकारांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. चार पुस्तकं समोर ठेवून तो पाहू.

खिडकी आणि क्लब

सी. एल. आर. जेम्स यांचं 'बियॉन्ड अ बाउंडरी' १९६३ साली आलं. जेम्स त्रिनिदादचे. मार्क्सवादी विचारवंत, हैतीच्या गुलामांच्या क्रांतीचा इतिहास लिहिणारे, आणि आयुष्यभराचे क्रिकेटवेडे. टुनापुनातल्या त्यांच्या घराच्या खिडकीतून मैदान दिसायचं. खुर्चीवर चढून मॅच बघणारा मुलगा, आणि हात लावता येतील अशी कपाटावरची पुस्तकं. इथपर्यंत हे कुठल्याही चाहत्याचं बालपण वाटेल.

पण त्या खिडकीतून जेम्स यांना मॅथ्यू बॉण्डमन दिसतो. शेजारचा हा तरुण कामधंदा न करणारा, शिवराळ, घरच्या शिस्तप्रिय बायकांना न आवडणारा. आणि तोच बॅट हातात घेतली की देखणा. एवढा बिघडलेला माणूस एवढं सुंदर कसं खेळतो? मुलाला पडलेला हा प्रश्न पुढे लेखकाला सोडत नाही. माणसाची किंमत कोण ठरवतं, घरातली शिस्त की मैदानावरचा फटका, याची उलघाल तिथून सुरू होते.

त्याहून मोठी गोष्ट क्लबची. त्या काळच्या त्रिनिदादमध्ये क्लब कातडीच्या छटेप्रमाणे लागलेले होते. क्वीन्स पार्क श्रीमंत गोऱ्यांचा. मेपल उजळ वर्णाच्या मध्यमवर्गाचा. शॅनन काळ्या कनिष्ठ मध्यमवर्गाचा, लिअरी कॉन्स्टंटाइनचा. जेम्स काळे, पण शिकलेले, चांगल्या शाळेतले. मेपलचं दार त्यांच्यासाठी किलकिलं झालं आणि ते आत गेले. या निवडीमुळे आपली राजकीय वाढ कित्येक वर्षं लांबली, असा निवाडा ते पुढे स्वतःवर देतात. 'तुझी टीम कुठली?' या साध्या प्रश्नाला त्यांच्याकडे साधं उत्तर उरत नाही. वेस्ट इंडीजचं कर्णधारपद फ्रँक वॉरेलला मिळावं म्हणून त्यांनी १९६० मध्ये आपल्या वृत्तपत्रातून मोहीम चालवली. ती वाचताना शॅननचा हिशेब ते कुठेतरी चुकता करताहेत असं मला वाटत राहतं. पूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला काळा कर्णधार म्हणून वॉरेल १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर गेला.

बाप, मुलगा आणि हायबरी

निक हॉर्नबीचं 'फीवर पिच' (१९९२) अगदी वेगळ्या घरातून येतं. अकरा वर्षांचा मुलगा, वेगळे झालेले आईबाप. शनिवारी भेटायला येणाऱ्या वडिलांशी बोलायचं काय, हा प्रश्न. सप्टेंबर १९६८ मध्ये वडील त्याला आर्सनलच्या हायबरी मैदानावर नेतात. स्टोक सिटीविरुद्धची ती मॅच आर्सनल १-० जिंकतं, आणि बापलेकांना न बोलता शेजारी बसायची जागा सापडते. पुस्तकातल्या प्रकरणांना मॅचच्या तारखा आहेत. आयुष्यातल्या घटना त्या तारखांच्या आधारानं आठवतात. चाहत्याचं डोकं असंच चालतं, त्यामुळे ही रचना युक्ती वाटत नाही.

हॉर्नबी स्वतःला गोंडस करत नाही. मेडनहेडसारख्या उपनगरात वाढलेला हा मुलगा उत्तर लंडनचा अस्सल पोरगा असल्याची बतावणी करतो, आणि लेखक ती उघडी पाडतो. शिष्ट, मध्यमवर्गी इंग्लिश मुलाला 'आपलं' म्हणावं असं गाव नव्हतं, ते त्यानं फुटबॉलकडून उसनं घेतलं. आपल्याकडे शहरात वाढलेली मुलं अचानक गावाकडची भाषा बोलायला लागतात, त्यांना हे प्रकरण चांगलंच झोंबेल.

या पुस्तकाची खरी परीक्षा १९८९ च्या पानांवर होते. १५ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलचे चाहते गर्दीत चिरडले गेले. मृतांचा अधिकृत आकडा आज ९७ आहे. जवळजवळ सहा आठवड्यांनी, २६ मेला, लिव्हरपूलच्याच अ‍ॅनफील्डवर शेवटच्या क्षणी मायकेल थॉमसनं गोल केला आणि आर्सनल अठरा वर्षांनी विजेतं झालं. चाहत्याच्या आयुष्यातला सर्वोच्च आनंद आणि चाहत्यांचं मरण एकाच वसंतात. दुसरा एखादा लेखक यातलं एक दडवेल, किंवा दुसऱ्याबद्दल भाषण देईल. हॉर्नबी दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो. ती पानं उलटताना अवघडल्यासारखं होतं, आणि ते व्हायलाच हवं.

गुहांचे दोन चेहरे

रामचंद्र गुहांचं 'द कॉमनवेल्थ ऑफ क्रिकेट' (२०२०) हे भारतीय चाहत्याचं सर्वात ऐसपैस आत्मकथन म्हणावं लागेल. देहराडूनचं बालपण, सुट्टीतलं बंगळूर, आयुष्य एका क्लबला वाहिलेले मामा दुरैस्वामी, सेंट स्टीफन्समधली ऑफस्पिन, आणि कर्नाटकावरची निष्ठा. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईकडे होता. ही साखळी १९७३-७४ मध्ये कर्नाटकानं तोडली. मुंबईच्या माणसासाठी ती घरातली भिंत पडल्यासारखी गोष्ट. गुहांच्या पुस्तकात तीच दिवाळी आहे. आपला पराभव दुसऱ्याच्या घरून बघायला मिळणं, हे या पुस्तकाचं मराठी वाचकाला मिळणारं खास सुख.

मामांची पानं सर्वात चांगली. ज्यांचं नाव कुठल्याही स्कोअरकार्डात तुम्ही शोधायला जाणार नाही, अशा माणसांनी खेळ उचलून धरलेला असतो, हे ती पटवतात. पण माझी तक्रारही आहे. डून स्कूल, स्टीफन्स, ओळखीपाळखी, पुढे मोठमोठ्या खेळाडूंच्या भेटी. हे सगळं गुहा भाग्य म्हणून सांगतात. ते भाग्य कुणाच्या वाट्याला येतं आणि कुणाच्या नाही, हा प्रश्न या पुस्तकात मागे पडतो. जेम्स यांनी मेपलला लावलेला भिंगाचा चष्मा इथे खिशातच राहतो.

गंमत अशी, की हा चष्मा गुहांकडे आहे. 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' (२००२) या इतिहासात त्यांनीच पळवणकर बाळूला देशासमोर पुन्हा उभं केलं. बाळू दलित, डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात नेट्सवर राबत तो तयार झाला. हिंदूंच्या संघात त्याची गोलंदाजी चालायची, पण त्याचा चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं. इतिहासकार गुहांनी क्रिकेटला जे प्रश्न विचारले, ते चाहता गुहा स्वतःला विचारत नाहीत.

एका ठिकाणी मात्र चाहता जागा होतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेट मंडळावर नेमलेल्या समितीत गुहा गेले आणि काही महिन्यांत राजीनामा देऊन बाहेर पडले. हितसंबंधांची सरमिसळ आणि तारांकित खेळाडूंपुढे वाकलेली यंत्रणा, अशी त्यांची तक्रार होती. चाहता प्रेक्षागृहातून उठून कचेरीत जातो तेव्हा त्याला काय दिसतं, हे सांगणारा भाग या पुस्तकाला लवचीक गोडव्यातून बाहेर काढतो.

हरणाऱ्यांची मुलगी

चौथं पुस्तक एमा जॉनचं 'फॉलोइंग ऑन' (२०१६). नव्वदच्या दशकातला इंग्लंडचा सतत हरणारा संघ, आणि त्याच्या प्रेमात पडलेली किशोरवयीन मुलगी. तिला क्रिकेट आईकडून मिळतं. एवढ्या एका बदलानं साचा हलतो. मोठी झाल्यावर ती त्या हरलेल्या खेळाडूंना शोधून भेटते. भिंतीवरचं पोस्टर आता समोर बसलेला मध्यमवयीन माणूस आहे. पुस्तक हलकंफुलकं आहे, जेम्सची खोली त्यात नाही. पण हरणाऱ्यांवर प्रेम का जडतं, हा प्रश्न ते हसत हसत आणि प्रामाणिकपणे विचारतं.

आणि आपल्याकडे?

मराठीत क्रिकेटवर प्रेमानं लिहिणाऱ्यांची वाण नाही. शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी यांनी दोन-तीन पिढ्यांना क्रिकेट वाचायला लावलं. सिनेमा, गाणी, कोट्या आणि कव्हर ड्राइव्ह एका दमात आणणारी त्यांची भाषा गप्पांची भाषा होती. तिचं मोल मोठं आहे. पण या परंपरेत लेखक हिरोबद्दल जितकं सांगतो तितकं स्वतःच्या जागेबद्दल सांगत नाही. 'आपण' हा शब्द गृहीत असतो. हे 'आपण' बहुतेकदा मुंबईचं, मध्यमवर्गाचं आणि पुरुषांचं निघतं. ज्याच्या घराच्या खिडकीतून मैदान दिसत नव्हतं, त्याची कहाणी कशी असेल?

ती अजिबात लिहिलीच गेली नाही, असंही नाही. पळवणकर विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीतच लिहिलं, १९४८ साली. ते खेळाडूचं आहे, चाहत्याचं नाही. पण मैदानात कुणी कुठून यायचं हे आधीच ठरलेलं असताना खेळावर प्रेम करणं म्हणजे काय, या प्रश्नाची मराठीतली सुरुवात तिथे आहे. आपण मात्र विठ्ठलला इंग्रजी पुस्तकातून ओळखतो.

सामग्री आजही कमी नाही. कोल्हापूरचं फुटबॉल घ्या. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा तिथल्या मुलाला टीम निवडावी लागत नाही. पेठेनंच ती निवडलेली असते. ही हायबरीच आहे, हॉर्नबीची मात्र वाट पाहावी लागतेय. पेठ बदलून दुसरीकडे राहायला गेलेल्या माणसाचं काय होतं? लग्न होऊन विरोधी पेठेत गेलेल्या मुलीनं कुणासाठी ओरडायचं? किंवा महिला क्रिकेट घ्या. १९७३ मध्ये पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा संघ होते तीन. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय मुली विश्वविजेत्या झाल्या, सांगलीची स्मृती मानधना त्यांच्यात होती. या बावन्न वर्षांत ज्या बायका स्टँडमध्ये, स्वयंपाकघरातल्या रेडिओशेजारी, मुलीची किटबॅग उचलत हा खेळ बघत आल्या, त्यांचं 'मी चाहती कशी झाले' मला वाचायचं आहे.

याची निकड केवळ साहित्यिक नाही. चाहता असणं आता फार सोपं आणि फार मोजलेलं झालंय. अ‍ॅपला तुमची टीम माहीत असते, टीमला तुमचा नंबर. २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच कर्णधाराची, हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर अठरा वर्षांनी मिळालेल्या विजेतेपदाच्या जल्लोषात अकरा जण चेंगरून गेले. टीमची अठरा वर्षांची प्रतीक्षा आणि ते अकरा जण, दोन्ही एकाच पानावर लिहिणारं चाहत्याचं पुस्तक अजून यायचंय. तो लेखक कदाचित त्या गर्दीतच होता. रील करून झाल्यावर त्यानं, किंवा तिनं, लिहायला बसावं.

तोवर वाचायला सुरुवात कुठून करायची? हॉर्नबी सर्वात सोपा, लोकलमध्येही वाचून होईल. मग एमा जॉन, मग गुहा. जेम्स शेवटी आणि सावकाश वाचा. तो वाचून झाल्यावर कुणी 'तुझी टीम कुठली?' विचारलं, तर उत्तर द्यायला तुम्हाला पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागेल.