'निर्जंतुक' या शब्दाची मर्यादा

कोविड-१९ च्या महासाथीत मराठी वृत्तपत्रांनी 'मुखपट्टी' हा शब्द रूढ केला. शब्द सुबोध खरा. परंतु सुबोधता आणि यथार्थता नेहमीच एकत्र नांदतात असे नाही. घरी शिवलेला सुती मास्क, शस्त्रक्रियेच्या वेळी बांधावयाचे त्रिपदरी आवरण आणि एन-९५ श्वसनरक्षक अशा तीन भिन्न वस्तू या एकाच नामाखाली आल्या. नाम एक झाले की क्रियापदही एकच होऊ पाहते. आणि अनर्थाचा उगम येथेच आहे.

सुती मास्कला 'धुणे' हे क्रियापद शोभते. भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मार्च २०२० च्या अखेरीस काढलेल्या पुस्तिकेत घरगुती मास्क साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावा किंवा प्रेशर कुकरमध्ये उकळावा असे सांगितले, ते योग्यच होते. एन-९५ ची गोष्ट निराळी. त्याच्या पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या तंतूंवर विद्युतभार असतो व सूक्ष्म कण त्या भाराने ओढले जाऊन अडकतात. साबण अथवा अल्कोहोल यांच्या योगाने हा भार क्षीण होतो. अशा वेळी विषाणू नष्ट होतो, मास्कही स्वच्छ दिसतो. मात्र त्याची गाळण्याची शक्ती ओसरलेली असते.

असा मास्क 'निर्जंतुक' म्हणावा काय? शब्दार्थाने होय, आणि हीच या शब्दाची मर्यादा होय. 'निर्' हा उपसर्ग वस्तूतून काय गेले एवढेच सांगतो, काय उरले ते सांगत नाही. पुनर्वापराचा प्रश्न तर उरलेल्या गुणांचा आहे. विषाणू निष्क्रिय व्हावा, गाळणशक्ती टिकावी आणि मास्क चेहऱ्यावर पूर्ववत घट्ट बसावा, या तीन अटींपैकी 'निर्जंतुक' हा शब्द केवळ पहिलीची ग्वाही देतो. शिवाय सर्व सूक्ष्मजीवांचा समूळ नाश आणि दूषण सुरक्षित पातळीपर्यंत उतरविणे या दोन क्रियांतील भेदही त्यात लोपतो.

अमेरिकेतील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे मार्च २०२० मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाष्पाने एन-९५ वर प्रक्रिया करण्यास आणीबाणीची परवानगी मिळाली. प्रारंभी एका मास्कवर २० वेळांपर्यंत प्रक्रियेची मुभा होती. २०२१ च्या आरंभी ती ४ वर आली आणि पुरवठा सुधारल्यावर जून २०२१ मध्ये परवानगीच मागे घेण्यात आली. टंचाईच्या काळात तेथे दुसराही मार्ग सुचविला गेला होता: वापरलेला मास्क कागदी पिशवीत किमान ५ दिवस ठेवून आळीपाळीने वापरणे. येथे कोणतीही 'प्रक्रिया' नाही, केवळ कालक्षेप आहे. त्यास 'निर्जंतुकीकरण' म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

संकटकाळी परिभाषेची चर्चा करण्यास सवड नसते, हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. वस्तुतः संकटातच वाचक सूचनेतील शब्द अक्षरशः पाळतो, आणि चुकीच्या शब्दाचे मोल रुग्णाजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेला द्यावे लागते. म्हणून एन-९५ साठी 'श्वसनरक्षक' हे स्वतंत्र नाम योजावे, आणि तिन्ही अटी पूर्ण झाल्यावरच त्यास 'पुनर्वापरयोग्य' म्हणावे. पुढील साथ येण्यापूर्वी एवढी शब्दव्यवस्था झाली तरी पुष्कळ साधले असे म्हणता येईल.