ओसरीवरचा एक जपानी खेळ

ग्रंथांच्या परीक्षणासाठीं राखलेल्या या पानांत एका खेळाचें परीक्षण यावें, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. पण जी वस्तु घरांत आणण्यासाठीं सुशिक्षित कुटुंबें एखाद्या लहानशा ग्रंथसंग्रहाइतका पैसा खर्चावयास तयार होतात, तिच्या गुणदोषांची चिकित्सा टीकाकारानें करूं नये तर कोणीं करावी ? शिवाय माझ्यापुढें हा प्रश्न केवळ तात्त्विक नाहीं. भातकुली येथें आमचें वडिलोपार्जित घर आहे. तेथें आतां वृद्ध आत्याबाईंखेरीज कोणी राहत नाहीं. आम्ही भावंडें अमरावती, पुणें आणि त्याहूनहि दूर पांगलों आहों. दिवाळीचे चार दिवस सर्व मंडळी जमते खरी, परंतु अलीकडे मुलांचें तेथें मन लागत नाहीं. म्हणून धाकट्या बंधूंनीं असें सुचविलें कीं, परदेशांतून आलेल्या पुतण्यानें गेल्या दिवाळींत जो खेळ बरोबर आणला होता, तसाच एक सर्वांच्या वर्गणीनें घेऊन त्या घरीं कायमचा ठेवावा. ‘मुलें तेवढ्यासाठीं तरी येतील,’ हें त्यांचें म्हणणें. निर्णय वडील भाऊ या नात्यानें माझ्यावर सोंपविण्यांत आला.

खेळाचें नांव ‘वन-टू-स्विच’. निंटेंडो या जपानी कंपनीनें ३ मार्च २०१७ रोजीं आपल्या ‘स्विच’ या यंत्राबरोबरच तो बाजारांत आणला. ही कंपनी १८८९ सालीं क्योटो शहरांत फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठीं निघाली, हें समजल्यावर तिच्याविषयीं मला थोडा आपलेपणा वाटला. ज्याच्या आजोबांच्या फडताळांत गंजिफा होता, त्यास तो वाटणारच. यंत्रासोबत वीतभरहि लांब नसलेल्या दोन कांड्या येतात. त्यांच्या पोटांत हालचाल ओळखणारे सूक्ष्म संवेदक असल्यामुळें हात वर गेला, खालीं आला, कांडी कलली कीं फिरली, हें यंत्रास कळतें. लहान लहान असे एकंदर २८ खेळ. बहुतेक दोघांनीं खेळावयाचे आणि पाहतां पाहतां संपणारे.

या खेळाचा जो खरा गुण, तो प्रथम मोकळ्या मनानें सांगितला पाहिजे. यंत्रावरचे इतर खेळ माणसाची नजर पडद्यास बांधून टाकतात; हा खेळ तुम्हांस पडद्याकडे पाठ फिरवून समोरच्याच्या डोळ्यांत पाहावयास सांगतो. त्यांतील एका खेळांत दोघांनीं समोरासमोर उभें राहून हात खालीं सोडावयाचा आणि इशारा होतांच पिस्तुल उचलल्याप्रमाणें कांडी उचलावयाची. आमचे बंधु आणि माझे जांवई असे एकमेकांपुढें उभे राहिले, तेव्हां सगळी ओसरी क्षणभर चिडीचूप झाली. गेल्या कित्येक वर्षांत या दोघांनीं एकमेकांकडे इतकें निरखून पाहिलें नसेल.

दुसरा खेळ गाईची धार काढण्याचा. कांडी उभी धरून खालीं ओढावी लागते आणि ओढतां ओढतां तिच्या कडेच्या दोन कळा एकामागून एक दाबाव्या लागतात. ज्याचें दूध अधिक भरेल तो जिंकला. आत्याबाईंनीं चाळीस वर्षें गोठा सांभाळलेला. मुलांनीं त्यांना आग्रहानें उठविलें, आणि माझ्या नातवानें, ज्यानें गाईस कधीं हातहि लावलेला नाहीं, त्यानें त्यांना हरविलें ! त्या कांडीकडे पाहत म्हणाल्या, “बाप्पा, हे गाय तं पान्हा चोरते !” सारे पोट धरून हंसले, मीहि हंसलों. परंतु टीकाकारानें हंसून झाल्यावर विचार करावयाचा असतो. आत्याबाईंची मूठ अस्सल धार काढणारी होती. यंत्रास मुठीची पारख नव्हती, कळांचा ठेका तेवढा कळत होता. ज्यास खरें येतें तो हरावा आणि ज्यास कांडीची खुबी कळली तो जिंकावा, हें एक वेळ विनोद म्हणून ठीक. खेळ म्हणून तें उणेंच.

सर्वांत सरस मला वाटला तो डबीचा खेळ. कांडी हातांत घेऊन हळूच कलवावयाची आणि आंत गोट्या किती, हें नुसत्या कंपावरून ओळखावयाचें. आंत एकहि गोटी नाहीं हें ठाऊक असूनहि त्या घरंगळत कडेवर आपटल्याचा भास तळहातास इतका स्पष्ट होतो कीं, करणाऱ्याच्या कारागिरीस मान द्यावाच लागतो. माझी बहीण लगेच म्हणाली, “दादा, ही तर भुलाबाईची खिरापत !” तिचें अगदीं बरोबर होतें. कोजागिरीपर्यंत आमच्या वऱ्हाडांत घरोघर मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात आणि शेवटीं झांकलेला डबा वाजवून आंतला खाऊ ओळखतात. फरक इतकाच कीं, खिरापत रोज निराळी असते, आणि ती कोणास ओळखतां येऊं नये म्हणून त्या त्या घरची आई डोकें लढवीत असते. जपानी डबींत गोट्यांवांचून दुसरें कांहींच कधीं निघत नाहीं.

माझ्या मतें या खेळाचा मुख्य दोष तो हाच. खेळणाऱ्यांनीं आपल्या पदरचें त्यांत कांहीं घालावें, अशी जागाच त्यांत ठेवलेली नाहीं. पाडव्याच्या दिवशीं जो खेळ रात्रीं अकरापर्यंत चालला, तो भाऊबीजेस अर्ध्या तासांत आटोपला. भेंड्या तीच माणसें शंभर वेळां खेळतात, कारण प्रत्येकाची गाण्यांची शिदोरी वाढत असते. सोंगट्यांत डाव टाकण्याचें कसब वाढतें. चार्लस लँबच्या निबंधांतील मिसेस बॅटल या बाईंस पत्त्यांचा डाव अर्ध्या मनानें खेळणारीं माणसें खपत नसत. तसें मन लावून खेळावें असें या २८ खेळांत फारच थोडें आहे.

‘पण व्यायाम होतो,’ असा एक युक्तिवाद ऐकूं येतो. अमरावतीच्या माणसापुढें तो न केलेला बरा. येथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळीं कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखविले. त्यांस कांडी लागली नाहीं. हालचालीच्या या यंत्रांत मनगटाच्या एका झटक्यावर भागतें, हें हुशार मुलें पहिल्याच दिवशीं ओळखतात आणि बसल्या जागीं जिंकूं लागतात.

राहिला पैशाचा प्रश्न. खेळ निघाला तेव्हां यंत्र ३०० डॉलरांचें आणि हा खेळ वर ५० डॉलरांचा होता. याच कंपनीनें २००६ सालीं ‘वी’ हें यंत्र काढलें, तेव्हां त्याचा टेनिस-बोलिंगचा खेळ जपानबाहेर बहुतेक देशांत यंत्राबरोबरच मिळे, आणि त्याच्या ८ कोटींहून अधिक प्रती लोकांकडे गेल्या. त्यामुळें ‘वन-टू-स्विच’हि यंत्रासोबतच द्यावयास हवा होता, अशी तक्रार अनेक परीक्षकांनीं तेव्हांच केली, ती मला रास्त वाटते. हा खेळ म्हणजे यंत्राची ओळख करून देणारी प्रस्तावना आहे, आणि प्रस्तावनेची किंमत ग्रंथापासून वेगळी घेऊं नये. ज्यांच्याकडे यंत्र आहेच, त्यांनीं २०२२ सालीं निघालेला ‘स्विच स्पोर्ट्स’ घ्यावा. पुण्यास मुलीकडे मीं त्यांतील बोलिंग खेळून पाहिलें आहे. मनगट वळेल तसा चेंडू वळतो, आणि आठ दिवसांच्या सरावानें माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसाचाहि हात सुधारतो. तेथें आजचा पराभव उद्यां भरून काढण्याची आशा असते.

भातकुलीच्या घरासाठीं मात्र यांपैकीं कांहींच घेऊं नये, असें मीं बंधूंस कळविलें आहे. पुतण्यानें आपलें यंत्र दर दिवाळीस चार दिवस आणावें, एक संध्याकाळ तें ओसरीवर मांडावें आणि मग गुंडाळून ठेवावें. वर्गणी जमलीच तर मागच्या अंगणाला दिवा बसवावा. मुलें अंधार पडला कीं घरांत येतात, हें माझ्या पाहण्यांत आहे. बंधूंना हा निर्णय रुचलेला दिसत नाहीं. त्यांचें उत्तर अजून आलेलें नाहीं, आणि आत्याबाई मला फोनवर विचारीत होत्या कीं, ती पान्हा चोरणारी गाय पुन्हां केव्हां आणणार ?